आम्हीं लॅपटॉपची कंपनी कां बदलली ?

२०२५ सालच्या दिवाळींत आमच्या घरांत एक लहानशी क्रांति झाली. एकवीस वर्षें ज्या एकाच कंपनीचा लॅपटॉप आमच्या घरांत नांदला, ती कंपनी सोडून आम्हीं दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप घेतला, एवढाच त्या क्रांतीचा विस्तार. परक्या माणसाला यांत लिहिण्याजोगें कांहींच वाटणार नाहीं. परंतु ज्या घरांतून वाणी, सोनार आणि वैद्य तीन तीन पिढ्या बदलत नाहींत, आणि चहाची पूड निराळ्या दुकानांतून आली तर सबंध सकाळ बिघडते, अशा घरांतील वाचकांना ही हकीकत ऐकण्यासारखी वाटेल अशी आशा आहे. जुन्या आणि नव्या, दोन्ही कंपन्यांचीं नांवें मीं मुद्दाम गाळलीं आहेत. हा लेख फिर्याद नव्हे, आणि जाहिरात तर नव्हेच नव्हे.

आमच्या घरीं लॅपटॉप आला तो कुलवृत्तांताच्या निमित्तानें. आमचे वडील – त्यांना सारें घर नाना म्हणे – शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर आमच्या कुळाचा वृत्तांत लिहावयास बसले. कुलवृत्तांत म्हणजे काय, हें या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. मूळ गांव, कुलदैवत, वंशावळ, कोण कोठें स्थायिक झाला, कोणाची मुलगी कोणत्या घरीं दिली, हें सारें जुळवितां जुळवितां नानांचा पत्रव्यवहार कोंकणांतील खेड्यांपासून इंदूर, बडोदें, ग्वाल्हेरपर्यंत पसरला. आरंभीं तें काम टाइपरायटरवर चाले. एखाद्या शाखेंत एक मूल जन्मलें कीं सबंध पान पुन्हां टाइप करावें लागे. आणि कुळांत मुलें जन्मावयाचीं कांहीं थांबत नव्हतीं. अखेर २००४ सालीं नानांनीं लॅपटॉप घेतला. त्या दिवशीं दुकानांत ते दोन तास बसले होते. त्यांनीं यंत्राचा वेग विचारला नाहीं कीं रंग पाहिला नाहीं. एकेका यंत्राच्या कळा त्यांनीं डोळे मिटून दाबून पाहिल्या, आणि ज्याच्या कळा बोटाला ‘उत्तर देतात’ असें त्यांना वाटलें, तें यंत्र उचललें. पुढें २००९ सालीं दुसरें आणि २०१५ सालीं तिसरें यंत्र आलें. दोन्ही त्याच कंपनीचीं. दुकानदार दुसरें कांहीं दाखवूं लागला कीं नाना म्हणत, “आमचं ठरलेलं आहे.”

२०१६ सालीं नाना गेले. तिसरें यंत्र माझ्याकडे आलें, आणि त्याच्याबरोबर अपुरा राहिलेला कुलवृत्तांतहि. तो मी पुरा करीन असें मीं सर्वांना सांगितलें होतें. खरें सांगावयाचें तर नऊ वर्षांत मीं त्यांत नऊ पानेंहि घातलीं नाहींत. मात्र दर वर्षीं खंडेनवमीला यंत्र पुसून त्यावर हळदकुंकू वाहावयाचें आणि झेंडूचें फूल ठेवावयाचें, हा नेम मीं कधीं चुकविला नाहीं. निष्ठा म्हणजे काय, असें मला कोणी विचारलें असतें, तर मीं त्या फुलाकडे बोट दाखविलें असतें.

यंत्राचें दुखणें

१ ऑक्टोबर २०२५ च्या खंडेनवमीला पूजा आटोपून मी यंत्राचें झांकण मिटूं लागलों, तों डाव्या बिजागरीपाशीं ‘कट्’ असा आवाज झाला आणि पडदा एका बाजूनें लोंबूं लागला. लॅपटॉपला हें दुखणें पुष्कळदां जडतें. बिजागरी असते धातूची. पण तिचे स्क्रू बसविलेले असतात ते प्लॅस्टिकच्या अंगांत. वर्षें लोटतात तशी बिजागरी ताठर होत जाते, आणि प्रत्येक उघडझांपीचा ताण त्या प्लॅस्टिकवर पडतो. एक दिवस तें फुटतें.

मी कंपनीच्या दुरुस्ती-केंद्रांत गेलों. तेथला तरुण सभ्य होता. त्यानें सांगितलें कीं हें मॉडेल बंद होऊन बरींच वर्षें झालीं. सुटी बिजागरी मिळत नाहीं. वरचा सारा भाग पडद्यासकट बदलावा लागेल, आणि तोहि मिळाला तर. त्यानें सांगितलेली रक्कम नव्या यंत्राच्या अर्ध्या किमतीहून अधिक होती. मी जरा दुखावून म्हणालों, “आम्ही एकवीस वर्षं तुमचे गिऱ्हाईक आहोत.” त्यानें नम्रपणें यंत्राचा क्रमांक विचारला, तो आपल्या संगणकांत घातला आणि म्हणाला, “खरेदी २०१५ ची दिसते.” त्याच्या दफ्तरांत आमचें वय आमच्या यंत्राएवढेंच होतें. त्यांत त्याचा दोष नव्हता. दफ्तरांत नाना कोठून असणार ?

दुखण्यांत भर पडली ती दुसऱ्याच बाजूनें. आमच्या यंत्रावर विंडोज १० ही कार्यप्रणाली होती. मायक्रोसॉफ्टनें ती जुलै २०१५ मध्यें बाजारांत आणली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिची नेहमींची देखभाल थांबविली. याचा अर्थ त्या दिवशीं यंत्रें बंद पडलीं असा नव्हे. यंत्र चालतच राहतें. परंतु चोरांनीं भिंतींत नवी फट शोधून काढली, तर ती बुजविणारा गवंडी यापुढें यावयाचा नाहीं. वर्षभराची जादा मुदत घेण्याची सोय होती, पण मुदत म्हणजे उपाय नव्हे. विंडोज ११ ही पुढची प्रणाली चालण्यास यंत्रांत टी. पी. एम. २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि ठराविक यादींतला प्रोसेसर लागतो. आमचें यंत्र त्या यादींत बसत नव्हतें. नवें यंत्र घेणें भाग होतें.

कंपनी म्हणजे कोण ?

रात्रीं जेवणें झाल्यावर माजघरांत बैठक बसली. दादांचें, म्हणजे माझ्या वडील बंधूंचें, मत पक्कें होतें. “घ्यायचा तर त्याच कंपनीचा. नानांची कंपनी आहे ती.” मीं मान डोलाविली. दुरुस्ती-केंद्रांतला अनुभव ताजा असूनहि डोलाविली, हें विशेष. आमच्या दोघांच्या मनांत कंपनी बदलणें म्हणजे नानांचा फोटो भिंतीवरून खालीं उतरविण्यासारखें होतें. एवढ्यांत दादांचा मुलगा – तो इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे – म्हणाला, “पण बाबा, कंपनी म्हणजे नक्की कोण ?”

प्रश्न उद्धट वाटला. पण त्यानें पुढें जें सांगितलें तें आम्हांस नवें होतें. तोशिबानें १९८५ सालीं टी ११०० हें यंत्र आणलें, आणि लॅपटॉपच्या धंद्यांत त्या नांवाला पुढें कित्येक वर्षें मोठा मान होता. २०१८ सालीं त्याच तोशिबानें आपल्या संगणकाच्या धंद्याचा सुमारें ऐंशीं टक्के हिस्सा शार्प कंपनीस विकला, आणि २०२० सालीं उरलेला हिस्साहि देऊन ती त्या धंद्यांतून मोकळी झाली. तीं यंत्रें पुढें डायनाबुक या नांवानें निघूं लागलीं. आय. बी. एम. नें १९९२ सालीं काढलेलें थिंकपॅड, कळांच्या मधोमध तांबडा ठिपका असलेलें तें काळें यंत्र, २००५ सालीं लेनोव्हो या चिनी कंपनीकडे गेलें. सोनीनें आपला वायो २०१४ सालीं दुसऱ्यांच्या हवालीं केला. कॉम्पॅक तर २००२ सालींच एच. पी. मध्यें विलीन झाली होती. या नांवांवर पिढ्यांच्या श्रद्धा असलेलीं माणसें जगभर होतीं. दुकानाची पाटी तीच राहिली. गादीवर बसणारा मात्र निराळा.

शिवाय, पुतण्या म्हणाला, बहुतेक मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप स्वतः बनवीतच नाहींत. तैवानच्या क्वांटा, कॉम्पल, विस्ट्रॉन अशा कंपन्या एकाच वेळीं अनेक नांवांसाठीं यंत्रें बनवून देतात. ॲपलनें २०२० पासून आपला स्वतःचा प्रोसेसर वापरावयास आरंभ केला, तें सोडलें तर दुकानांतील बहुतेक यंत्रांत प्रोसेसर इंटेलचा नाहींतर ए. एम. डी. चा, आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. मग कंपनीचें स्वतःचें असें उरतें काय ? सांगाडा, बिजागरी, कळांचा स्पर्श, आंतील उष्णता बाहेर घालविण्याची रचना, आणि विकल्यानंतरची सेवा. या गोष्टी क्षुल्लक नव्हेत. रोजचें सुखदुःख त्यांतच असतें. परंतु त्या नांवाला चिकटलेल्या नसतात. त्याच कंपनीच्या दोन मॉडेलांत त्या जमीनअस्मानाच्या असूं शकतात. २००४ सालीं नानांच्या बोटांना ज्या कळांनीं उत्तर दिलें, त्या कळा २०२५ सालीं त्या कंपनीकडे होत्याच असें कोणी सांगावें ?

दादा गप्प झाले, पण पटल्यासारखे दिसेनात. तेव्हां आई बोलली. ती एकोणऐंशीं वर्षांची आहे आणि अशा बैठकींत सहसा बोलत नाहीं. ती म्हणाली, “अरे, तुमच्या नानांनी कंपनी कुठे घेतली होती ? त्यांनी कळा घेतल्या होत्या. आणि चाळीस वर्षं ज्या टाइपरायटरवर लिहिलं, तो त्यांनीच त्रेसष्टाव्या वर्षी माळ्यावर टाकला. तेव्हा कुणी रडलं नाही.”

यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

पाडव्याची खरेदी

२२ ऑक्टोबरच्या पाडव्याला आम्ही दुकानांत गेलों. पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकीं अर्धा. कंपनी बदलावयास तेवढा पुरे, असें वहिनी म्हणाल्या. दुकानांत दादांनीं जें केलें तें पाहून मला हंसूं आलें आणि गळाहि दाटला. त्यांनीं एकेका यंत्रासमोर उभें राहून, डोळे मिटून, कळा दाबून पाहिल्या. आमच्या जुन्या कंपनीचें यंत्रहि रांगेंत होतें. त्याच्या कळा त्यांनीं दोनदां दाबल्या, आणि कांहीं न बोलतां ते पुढें सरकले.

कळांखेरीज आम्हीं चार गोष्टी पाहिल्या. त्या वाचकांच्याहि उपयोगीं पडाव्यात. पहिली, यंत्राची स्मृति आणि साठवण मागाहून बदलतां किंवा वाढवितां येते कीं नाहीं. कित्येक नव्या पातळ यंत्रांत हे भाग मुख्य पाटीवर डाख देऊनच बसविलेले असतात. घेतलें तें कायमचें. दुसरी, बॅटरी बदलून मिळते काय, व कितीला. बॅटरी ही झिजणारी वस्तु आहे. कांहीं शें वेळां भरून रिकामी झाली कीं तिची धारणाशक्ति उतरूं लागते, हा कोणत्याहि कंपनीचा दोष नव्हे. तिसरी, चार्जर सर्वसाधारण यू. एस. बी. सी जातीचा आहे कीं त्या कंपनीपुरता. युरोपीय संघानें आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनांना २८ डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून हीच जात लागू केल्यामुळें सारा बाजार तिकडे वळला आहे. चौथी, दुरुस्ती-केंद्र आपल्या गांवांत आहे काय, आणि हमी किती वर्षांची. हे प्रश्न आम्हीं एकवीस वर्षांत कधीं विचारले नव्हते. ठरलेल्या दुकानीं कोणी भाव विचारतो काय ?

बोटें आणि अक्षरें

नव्या यंत्राची मला धास्ती होती ती बोटांची. मी मराठी लिहितों तें इन्स्क्रिप्ट पद्धतीनें. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनें, अशी तिची मांडणी १९९१ च्या भारतीय मानकांत दिलेली आहे. मानक असल्यामुळें ती कोणत्याहि कंपनीच्या यंत्रावर आणि कोणत्याहि कार्यप्रणालींत सारखीच मिळते. पहिल्याच संध्याकाळीं माझीं बोटें बिनचूक चाललीं. फक्त डाव्या कोपऱ्यांतील दोन कळांची जागा उलटसुलट असल्यामुळें तीन आठवडे माझा हात चुकत राहिला. ज्या भीतीपोटीं मी कंपनी बदलावयास कचरत होतों, तिचें मोल एवढेंच निघालें.

धक्का बसला तो निराळ्याच ठिकाणीं. नानांचा कुलवृत्तांत मीं नव्या यंत्रावर उघडला, तों पडद्यावर एकहि मराठी अक्षर नाहीं. इंग्रजी अक्षरें, उद्गारचिन्हें, कंस, सुट्या रेघा, यांचीं अकराशें पानें. माझे हातपाय गार पडले.

याचें कारण पुतण्यानें समजावून दिलें. नानांनीं लिहावयास आरंभ केला तेव्हां बहुतेक छापखान्यांप्रमाणें त्यांनींहि जुन्या पद्धतीचा मराठी फाँट वापरला होता. त्या पद्धतींत संगणकाच्या लेखीं अक्षर इंग्रजीच असे. फाँट त्याला फक्त मराठी अक्षराचा मुखवटा चढवी. फाँट नसला कीं मुखवटा गळून पडे. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. तिनें जगांतील लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. ‘क’ चा क्रमांक २३२५. तो सर्व यंत्रांवर ‘क’ च. नानांना ही पद्धत कोणी शिकविली नाहीं, आणि जुन्या यंत्रांत तो फाँट असल्यामुळें मलाहि कधीं शंका आली नाहीं.

येथें एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली, आणि तीच या लेखाचें खरें कारण. त्याच जुन्या कंपनीचें नवें यंत्र आणलें असतें, तरी हेंच घडलें असतें. मी कंपनी संभाळीत बसलों होतों. आणि जें संभाळावयाचें तें, नानांचें बारा वर्षांचें काम, एका मोडक्या बिजागरीच्या यंत्रांत आणि २०१७ सालीं भरून ठेवलेल्या एका पेनड्राइव्हवर टांगलेलें होतें. खंडेनवमीचें फूल यंत्रावर पडत होतें. कामाची प्रत करून ठेवावी, ही पूजा मला सुचली नव्हती.

वाचन

सुदैवानें जुनें यंत्र मोडलें होतें, मेलें नव्हतें. पुतण्यानें त्याला निराळा पडदा जोडला, सारा ग्रंथ जसा दिसतो तसा पी. डी. एफ. करून घेतला, आणि मग मूळ मजकूर युनिकोडांत बदलणाऱ्या एका प्रोग्रॅममधून काढला. अकराशें पानें कांहीं मिनिटांत बदललीं. पण शुद्ध झालीं नाहींत. जुन्या पद्धतींत पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं लिहीत, कारण ती डोळ्यांना आधीं दिसते. युनिकोडांत ती अक्षरानंतर येते, कारण ती नंतर उच्चारली जाते. रफाराचें नेमकें उलट. त्यामुळें जोडाक्षरें जेथें जेथें अवघड होतीं, तेथें तेथें शब्द विसकटले होते. कुलवृत्तांतांत तर नांवेंच नांवें. आणि नांवांतील चूक प्रोग्रॅमला कळत नाहीं, घरच्या माणसालाच कळते.

म्हणून कार्तिकापासून पौषापर्यंत रोज रात्रीं जेवणानंतर तास-दीड तास वाचन चाललें. वहिनी पी. डी. एफ. वरून मोठ्यानें वाचीत, मी नव्या यंत्रावर दुरुस्त करीत असें, आणि दादा वंशावळीशीं ताळा पाहत. आई सुपारी कातरीत ऐके. नऊ वर्षें ज्याची पूजा केली तो ग्रंथ आम्ही त्या अडीच महिन्यांत पहिल्यानें वाचला. १८९७ च्या प्लेगांत एकाच घरांतले तीन भाऊ गेले, आणि त्यांच्या आईनें चवथ्याला शिकविण्यासाठीं खाणावळ चालविली, हें आम्हां कोणालाहि ठाऊक नव्हतें. तो चवथा म्हणजे आमचे पणजोबा.

शेवटच्या भागांत आमच्या घराचें पान आलें. नानांनीं तें आपल्या अखेरच्या वर्षांत लिहिलें होतें; छापून कोणाला दाखविलें नव्हतें. आईच्या नांवापुढें माहेरचें नांव, जन्म, ‘शिक्षण एस्. एस्. सी., १९६२’, आणि त्याखालीं एक ओळ होती : ‘या ग्रंथाचीं सर्व कच्चीं पानें हिनें वाचून तपासलीं.’ वहिनी वाचतां वाचतां थांबल्या. आईचा अडकित्ता थांबला. क्षणभर कोणी कांहीं बोललें नाहीं.

मग आई म्हणाली, “बासष्ट नव्हे, त्रेसष्ट. हे पान मला दाखवलं असतं, तर तेव्हाच सांगितलं असतं.”

मीं साल दुरुस्त केलें.

आतां आमच्या घरीं नियम असा झाला आहे : महत्त्वाचें लिखाण युनिकोडांतच ठेवावयाचें, त्याच्या तीन प्रती असावयाच्या, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. आमची तिसरी प्रत नाशिकला बहिणीकडे असते. असें केलें म्हणजे कोणतेंहि यंत्र केव्हांहि बदलावें. त्यांत कोणाचाहि अपमान नाहीं. कंपनीनें चांगला माल दिला तर तो घ्यावा, पैसे द्यावे, आणि मनापासून चांगलें म्हणावें. याहून अधिक तिचें देणें लागत नाहीं. निष्ठा आहे ती ज्यानें काम केलें त्याच्याशीं आणि त्या कामाशीं. आणि ती फुलानें फिटत नाहीं, काम पुढें चालवून फिटते.

जुन्या यंत्राची पुतण्यानें साठवण पुसून त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली घातली आहे. तें आतां आईच्या खोलींत, मागें पाटाचा टेकू देऊन उभें असतें. ती त्यावर नव्या शाखांचीं आलेलीं पत्रकें तपासते. तिला यंत्राची कंपनी कोणती, हें विचारलें तर सांगतां येणार नाहीं. कळा मात्र बऱ्या आहेत, असें ती म्हणते.